प्रकाशाची साखळी : लेसर स्कॅनरने जागेचे त्रिमित मोजमाप

लेसर स्कॅनर हे मुळात अंतर मोजण्याचे यंत्र आहे. तिपाईवर उभे केलेले हे यंत्र सभोवार दर सेकंदाला लाखो वेळा लेसरचा किरण सोडते. भिंतीवर, खडकावर किंवा मातीच्या उतारावर पडून परतलेला प्रकाश ते टिपते आणि जिथून तो परतला ते ठिकाण किती दूर व कोणत्या दिशेला आहे हे नोंदवते. प्रत्येक नोंद म्हणजे अवकाशातला एक बिंदू. असे कोट्यवधी बिंदू संगणकाच्या पडद्यावर एकत्र उमटले की ती जागा डोळ्यांपुढे उभी राहते, मग ती खोली असो, देवळाचा मंडप असो की कोळशाच्या खाणीच्या पायऱ्या. बिंदूंच्या या समूहाला व्यवहारात पॉइंट क्लाउड म्हणतात. मराठीत बिंदुमेघ हा शब्द त्याला शोभतो, कारण ढगासारखाच तो लांबून भरीव दिसतो आणि जवळ जावे तसा विरळ होत जातो.

छायाचित्र आणि नकाशा या दोहोंपेक्षा बिंदुमेघ वेगळा आहे. छायाचित्रात रंगरूप उतरते, पण अंतर हरवते. नकाशात अंतर असते, पण मोजणीदाराने जेवढे बिंदू घ्यायचे ठरवले तेवढ्यांचेच. त्याने बांधाचा कोपरा घेतला आणि बांधावरची बाभूळ सोडली, तर ती बाभूळ नकाशात कधीच येत नाही. स्कॅनर निवड करत नाही. त्याच्या जागेवरून जे दिसेल ते सगळे तो घेतो. काय हवे आणि काय नको हे नंतर, कार्यालयात बसून ठरते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी पुन्हा वेगळे ठरवता येते. या तंत्राचे खरे मोल इथे आहे. पडद्यावर फिरणारे देखणे त्रिमित चित्र ही त्यातली वरवरची गोष्ट.

प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर पुढे जातो. स्कॅनरच्या किरणाला जाऊन परत यायचे असते, म्हणून वेळेतला एक नॅनोसेकंद अंतरातल्या १५ सेंटिमीटरएवढा धरावा लागतो. १५० मीटरवरच्या कड्यावरून प्रकाश परतायला एक मायक्रोसेकंद लागतो. घड्याळ एका नॅनोसेकंदाने चुकले तर कडा १५ सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकेल. चूक एका सेंटिमीटरच्या आत ठेवायची तर सुमारे ६७ पिकोसेकंदांचा फरक ओळखता आला पाहिजे, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग. लेसरचा शोध १९६० साली लागला, तरी जागेचे संपूर्ण मोजमाप घेणारे स्कॅनर बाजारात यायला पुढची जवळजवळ चार दशके गेली. त्याला मोठे कारण हे घड्याळ होते.

वेळ मोजण्याच्या या पद्धतीला उड्डाणकाल पद्धत म्हणता येईल. शेकडो मीटर, काही यंत्रांत तर किलोमीटरपलीकडचे अंतर तिने मोजता येते, म्हणून खाणी, धरणे आणि डोंगरउतार यांच्यासाठी तीच वापरतात. दुसऱ्या पद्धतीत किरण तुटक नसतो. अखंड किरणाची तीव्रता लाटेसारखी कमीजास्त केली जाते आणि गेलेली लाट व परतलेली लाट यांच्यात किती सरक पडली यावरून अंतर काढले जाते. ही कला-फरक पद्धत वेगवान आणि बारीक मापाची, पण तिचा पल्ला कमी. एक पूर्ण लाट सरकली की सरक पुन्हा शून्यावर येते आणि अंतर १० मीटर की २५ मीटर हे एकट्या लाटेवरून कळत नाही. म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकदम वापराव्या लागतात. इमारती, कारखाने आणि बोगद्यांच्या आतले मोजमाप बहुधा या पद्धतीने होते. लहान वस्तूंसाठी तिसरीच, त्रिकोणाची पद्धत आहे. लेसरची रेघ एका बाजूने टाकायची आणि दुसऱ्या बाजूच्या कॅमेऱ्याने ती किती वाकली ते पाहायचे. १९९९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने मायकेलअँजेलोचा ५ मीटरहून उंच ‘डेव्हिड’ असाच मोजला, तोही छिन्नीच्या खुणा दिसाव्यात इतक्या बारकाईने.

अंतर कळले तरी बिंदूची जागा ठरत नाही, दिशाही लागते. तिपाईवरच्या स्कॅनरमध्ये एक छोटा आरसा उभ्या पातळीत भरभर फिरत असतो आणि किरण खालपासून वरपर्यंत फेकत राहतो. त्याच वेळी यंत्राचे डोके आडव्या पातळीत सावकाश एक फेरा पूर्ण करते. प्रत्येक किरणाच्या क्षणी आरशाचा आणि डोक्याचा कोन नोंदवला जातो. एक अंतर आणि दोन कोन मिळाले की साध्या त्रिकोणमितीने बिंदूचे तीन निर्देशांक निघतात. परतलेला प्रकाश किती जोरकस होता हेही बिंदूबरोबर साठवतात. चुन्याची भिंत लख्ख उमटते, ओला कोळसा मंद. यंत्रात कॅमेरा असेल तर त्याचे रंग बिंदूंवर चढवता येतात.

किरण कितीही बारीक असला तरी दूर जाता जाता पसरतो. काही यंत्रांत १०० मीटरवर त्याचा ठिपका ३ सेंटिमीटरच्या आसपास होतो. हा ठिपका नेमका भिंतीच्या कडेवर पडला तर अर्धा प्रकाश कडेवरून परततो आणि अर्धा मागच्या वस्तूवरून, आणि यंत्र दोहोंच्या मध्ये, हवेतच, एक खोटा बिंदू टाकते. दोन किरणांमधली कोनाची पायरी ०.०१ अंश ठेवली तर १०० मीटरवर शेजारच्या बिंदूंत पावणेदोन सेंटिमीटर अंतर राहते आणि ४०० मीटरवर सात. म्हणजे यंत्राजवळची जमीन गच्च भरते आणि समोरचा कडा विरळ राहतो. अनुभवी सर्व्हेअर म्हणूनच यंत्र कुठे उभे करायचे यावर सर्वांत जास्त विचार करतो.

मोजणीची ही पद्धत किती वेगळी आहे हे विदर्भाच्या जमिनीवर चांगले दिसते, कारण मोजणीची जुनी साधने इथे फार राबली आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेयेला मारेगाव, वणी आणि झरी जामणी हे लगतचे तालुके आहेत. पूर्वेकडून वर्धा नदी वाहते, दक्षिणेला पैनगंगा. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नावच वणी जिल्हा होते. वऱ्हाडातील जमिनीची मूळ मोजणी मुंबई पद्धतीने झाली, आणि त्या पद्धतीचे साधन होते शंकू साखळी. ३३ फूट लांब, १६ आण्यांची ही साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. साखळी ओढणाऱ्याला शेतातून चालावे लागे आणि जिथे तो पोचू शकत नसे तिथे माप थांबे. पुढे फलक यंत्र आले, मग प्रकाशाने अंतर मोजणारे ईटीएस यंत्र, आणि आता तालुक्याचे भूमी अभिलेख कार्यालय उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या रोव्हरने मोजणी करते. साधने बदलली, तरी या प्रत्येक वेळी माणूसच ठरवतो की आता हा बिंदू घ्यायचा.

मारेगावच्या उत्तरेला, वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट लागते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ करणारा विल्यम लँबटन २० जानेवारी १८२३ रोजी तिथे मरण पावला. हैदराबादहून नागपूरकडे चाललेला तो मोजणीदार वाटेतच थांबला आणि त्याची कबर हिंगणघाटातच आहे. १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्याने त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे वाढवत आणली. त्याच्या थिओडोलाइटचे वजन अर्ध्या टनाच्या घरात होते आणि ते टेकडीवर, देवळाच्या शिखरावर चढवावे लागे. एकेक बिंदू निश्चित करायला दिवसच्या दिवस जात. लँबटनने आयुष्यभर घेतले त्यापेक्षा अधिक बिंदू आजचे यंत्र एका सेकंदात घेते, आणि तरीही ते यंत्र नेमके कोठे उभे आहे हे सांगायला लँबटनच्या परंपरेतलाच एखादा पक्का बिंदू लागतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

लेसरने जमीन मोजण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत दूरची जमीनही होती. १९७१ साली अपोलो १५ यानाने लेसर उंचीमापकाने चंद्राच्या पृष्ठभागाचे चढउतार मोजले. २००८ मध्ये गेलेल्या भारताच्या चांद्रयान १ वरही असाच उपकरणसंच होता. विमानातून जमीन मोजणारी यंत्रणा लिडार या नावाने रूढ झाली. तिपाईवरचा, इमारतीभोवती फिरवता येणारा स्कॅनर मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला. मोसूल येथे जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते बेन कसिरा यांच्या सायरा कंपनीने असा स्कॅनर बाजारात आणला. २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी जगभरच्या वास्तूंचे त्रिमित दप्तर ठेवणारी सायआर्क ही संस्था २००३ साली सुरू केली.

वणी परिसरात लेसर स्कॅनरचे काम सर्वांत रोखठोक आहे. वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्याचा मोठा भाग इथे येतो. उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, निलजई, मुंगोली या खुल्या खाणी आणि राजूर, कुंभारखणी या भूमिगत खाणींची नावे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्या चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वर्तमानपत्रांतली वेकोलि, ही १९७५ साली स्थापन झालेली कोल इंडियाची उपकंपनी. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. खुल्या खाणीत कोळसा काढण्याआधी त्याच्यावरची काळी माती, मुरूम आणि वालुकाश्म उचलावे लागतात. खाणीच्या भाषेत याला ओबी म्हणतात, परिसरातले लोक नुसते माती म्हणतात. ही माती उचलण्याचे काम बहुतांशी कंत्राटदारांना दिलेले असते आणि त्यांचा दर घनमीटरवर ठरतो. किती घनमीटर माती उचलली, या एका आकड्यावर फार मोठा पैसा फिरतो. त्यामुळे मोजमाप हा इथे वादाचा विषय होतो, आणि मोजमाप पडताळण्यासाठी कोल इंडियाच्या खाणींत जमिनीवरून चालणारे त्रिमित लेसर स्कॅनर वापरले जातात.  

जुन्या पद्धतीत सर्व्हेअर आणि त्याचा मदतनीस खाणीच्या प्रत्येक पायरीच्या, म्हणजे बेंचच्या, वरच्या कडेवरून आणि खालच्या पायथ्यावरून चालत ठराविक अंतरावर बिंदू घेत. दोन बिंदूंच्या मध्ये जमीन सरळ आहे असे गृहीत धरले जाई. स्फोटाने फुटलेल्या, शॉव्हेलने ओरबाडलेल्या बेंचला सरळ म्हणणे धाडसाचे असते. शिवाय ताज्या कड्याच्या पायथ्याशी माणूस पाठवणे धोक्याचे. वरून दगड निसटतात, आणि पावसाळ्यात भिजलेली काळी माती घसरते. स्कॅनर समोरच्या सुरक्षित कडेवरून हे सगळे मोजतो. या एकाच कारणासाठी स्कॅनर घेतला तरी तो खर्च योग्य ठरावा.

एका मोठ्या खाणीला एक मुक्काम पुरत नाही. एका जागेवरून उंचवट्याच्या पाठची बाजू दिसत नाही; ती बिंदुमेघात काळी सावली होऊन राहते. म्हणून यंत्र खाणीच्या काठावरून, समोरच्या काठावरून आणि तळातून अशा अनेक ठिकाणांहून लावतात. प्रत्येक मुक्कामाचा बिंदुमेघ स्वतःच्या मापात असतो, आणि ते सगळे एकमेकांवर बरोबर बसवावे लागतात. त्यासाठी खाणीत पांढरे गोळे किंवा काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पाट्या उभ्या करतात. निदान तीन पाट्या दोन्ही मुक्कामांतून दिसल्या की जुळणी होते. संगणक दोन मेघांतले समान आकार शोधून त्यांना थोडे थोडे सरकवत घट्ट बसवतो. या आकडेमोडीची सर्वांत प्रसिद्ध रीत १९९२ साली मांडली गेली आणि आजही चालते. शेवटी सगळा मेघ खाणीच्या पक्क्या खुंटांवर, म्हणजे ज्यांचे निर्देशांक आधीच ठाऊक आहेत अशा बिंदूंवर, टेकवतात. लँबटनची गरज पुन्हा पडते ती इथे.

जुळलेल्या मेघातून डंपर, विजेचे खांब, माणसे आणि धुळीचे बिंदू काढून टाकले की उरते ती उघडी जमीन. तिच्यावर लहान लहान त्रिकोणांची चादर पसरून एक पृष्ठभाग तयार करतात. मागच्या मोजणीचा पृष्ठभाग आणि आताचा पृष्ठभाग यांच्या मधली पोकळी म्हणजे उचललेली माती. समजा, २०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद, म्हणजे एक हेक्टरचा बेंच आहे. उंचीत सगळीकडे ५ सेंटिमीटरची चूक झाली तर ५०० घनमीटरचा फरक पडतो. डंपरचा हौदा १५ घनमीटरचा धरला तर तेहतीस-चौतीस फेऱ्या झाल्या, त्याही एकाच हेक्टरवर. खाणी शेकडो हेक्टरच्या असतात. बिंदू कोट्यवधी असले की यादृच्छिक चुका एकमेकींना खातात, पण सगळा मेघच पाच सेंटिमीटर वर बसला असेल तर बिंदूंची संख्या कामाची नाही. म्हणून सर्व्हेअरचे कसब कळते ते खुंट तपासण्यात आणि मुक्काम जुळवण्यात.

माती मोजायची कुठे हाही प्रश्न सोपा नाही. जमिनीत दबलेली माती उपसून ढिगावर टाकली की फुगते; कधी चतुर्थांशाने, कधी त्याहून अधिक. काही वर्षांत ती पावसाने आणि डंपरच्या वजनाने पुन्हा थोडी बसते. त्यामुळे ढिगाऱ्याचे आकारमान मोजून उचललेली माती सांगता येत नाही. ती खड्ड्यावरूनच मोजावी लागते, आणि त्यासाठी खड्डा पडण्याआधीची जमीन कशी होती हे माहीत असावे लागते. मूळ जमीन एकदा गेली की पुन्हा पाहायला मिळत नाही. खाण सुरू होण्यापूर्वीचे स्कॅन म्हणूनच सर्वांत मोलाचे आहे, आणि त्याच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी क्वचितच असेल. त्या एका स्कॅनमध्ये शेताचे बांध, विहिरी, नाल्याची वळणे आणि उठवायच्या गावाच्या भिंतीही येतात. मोबदला, पुनर्वसन किंवा बदललेल्या नाल्याचा प्रश्न वीस वर्षांनी उभा राहिला तर उत्तर देणारा साक्षीदार तोच.

कोळशाचा साठा मोजायलाही हेच यंत्र लावतात. ढिगाचे आकारमान स्कॅनरने नेमके मिळते, पण पुस्तकात साठा टनांत लिहायचा असतो. आकारमानाला घनतेने गुणावे लागते, आणि कोळशाची घनता ओलाव्यावर, तुकड्यांच्या आकारावर आणि ढीग किती दाबला आहे यावर बदलते. स्कॅनरच्या सेंटिमीटरच्या अचूकतेवर घनतेचा अंदाज सहज पाणी फिरवू शकतो.

कोळसा हा स्कॅनरचा आवडता पदार्थ नव्हे. काळा पृष्ठभाग प्रकाश गिळतो, आणि म्हणून ज्या यंत्राचा पल्ला चुनखडीवर कैक शे मीटर असतो त्याचा कोळशाच्या थरावर बराच कमी होतो. पाणी आणखी अवघड. खाणीच्या तळाशी साचलेल्या डबक्यावरून किरण आरशासारखा भलतीकडे उडतो किंवा पाण्यातच शोषला जातो, आणि मेघात तिथे भोक पडते. डबक्याखालच्या खोलीसाठी वेगळे माप घ्यावे लागते. धूळ असली की हवेत तरंगणारे खोटे बिंदू येतात. वैशाखात वणी-मारेगावकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर बऱ्याच यंत्रांची कामाची मर्यादा ४० ते ५० अंशांच्या दरम्यान असते. तापलेल्या जमिनीवरच्या झळा लांबचा किरण किंचित वाकवतात. उन्हावरचा उपाय म्हणजे पहाटेचे काम. स्कॅनर स्वतःचाच प्रकाश वापरतो, त्यामुळे त्याला उजाडण्याची वाट पाहावी लागत नाही. रात्रीही तो तेवढेच चांगले मोजतो.

भूमिगत खाणीत अंधार ही अडचण नाही. तिथे अडचण उपग्रहाची आहे. जमिनीखाली त्याचे संकेत पोचत नाहीत आणि अरुंद गॅलरीत दर वीस मीटरवर तिपाई लावणे फार वेळखाऊ. यासाठी हातात धरून चालता येणारे स्कॅनर निघाले. चालणाऱ्याच्या हालचाली यंत्रातला जडत्वमापक नोंदवतो, आणि क्षणापूर्वी दिसलेल्या भिंती व आता दिसणाऱ्या भिंती जुळवून यंत्र स्वतःची वाट स्वतःच काढते. या रीतीला स्लॅम म्हणतात. लांब, सरळ, एकसारख्या बोगद्यात मात्र तिला पुढे सरकल्याचे नीट कळत नाही आणि चूक साठत जाते. फेरफटका मारून सुरुवातीच्या जागी परत आले की ती चूक पकडता येते. कोळसाखाणीत दुसरी अट सुरक्षिततेची आहे. ज्वालाग्राही वायू असलेल्या भागात ठिणगी पडू शकणारे कोणतेही विजेचे उपकरण नेता येत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता नसलेले यंत्र कितीही चांगले असले तरी ते त्या भागाच्या बाहेरच राहते.

हवेतून केलेल्या स्कॅनचा उपयोग वेगळा आहे. ड्रोन, हेलिकॉप्टर किंवा विमानावरचा लिडार खाली किरणांचा वर्षाव करतो. एकाच किरणाचा काही भाग सागाच्या शेंड्यावरून परततो, काही फांदीवरून आणि काही पानांच्या फटीतून जमिनीवर पोचून परततो. शेवटचे परतावे वेगळे काढले की जंगल बाजूला सारल्यासारखी जमीन दिसते. ग्वाटेमालाच्या जंगलात माया संस्कृतीच्या ६०,००० हून अधिक बांधकामांच्या खुणा अशाच सापडल्या आणि २०१८ साली जाहीर झाल्या. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण पाण्याचे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वाप्कोस या सरकारी कंपनीकडून २६ राज्यांतील २,६१,८९७ हेक्टर वनक्षेत्राचे लिडार सर्वेक्षण करून घेतले आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्र व गोव्यासह दहा राज्यांचे प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले. जंगलातच पाणी आणि चारा वाढावा, म्हणजे प्राणी गावाकडे वळणार नाहीत, हा त्यामागचा हेतू. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांना वाघाच्या वाटेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बंधारा कुठे घालावा हे ठरवायला ओहोळाचा उतार हवा असतो, आणि झाडीखालचा तो उतार छायाचित्रात दिसत नाही.

मुंबई-नाशिक-नागपूर द्रुतगती रेल्वेच्या प्रस्तावित मार्गाचे हवाई लिडार सर्वेक्षण मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. त्याआधी मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी हीच रीत वापरली होती आणि एरवी दहा-बारा महिन्यांचे जमिनीवरचे काम सुमारे बारा आठवड्यांत उरकले होते. गावठाणांच्या मोजणीसाठी महाराष्ट्रात आणि नंतर स्वामित्व योजनेत फिरलेली ड्रोन मात्र कॅमेऱ्याची आहेत. एकावर एक येणाऱ्या छायाचित्रांतून उंची काढण्याची ती पद्धत स्वस्त आहे आणि उघड्या छपरांसाठी पुरेशी आहे. झाडाखालचे किंवा ओसरीखालचे तिला दिसत नाही. दोन्ही पद्धतींना बोलीभाषेत एकच नाव, ड्रोन सर्वे, मिळाल्यामुळे बराच गोंधळ होतो.

वास्तूंच्या बाबतीत स्कॅनरची किंमत वास्तू पडल्यावर कळते. कलेतिहासकार अँड्रू टॅलन यांनी २०१० साली पॅरिसचे नोत्र-दाम कॅथेड्रल स्कॅन केले, तेव्हा त्यांना त्याच्या बांधकामातल्या बारीक ओळंब्याच्या चुका अभ्यासायच्या होत्या. १५ एप्रिल २०१९ रोजी छत जळाले. टॅलन त्याआधीच वारले होते. त्यांचा बिंदुमेघ पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या हाती आला. भारतात पाटणच्या राणी की वावचे, म्हणजे शंभराच्या जांभळट नोटेवरच्या बारवेचे, स्कॅन २०११ साली स्कॉटलंडच्या संस्था, सायआर्क आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने मिळून केले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्यासारख्या मंदिराचा जीर्णोद्धार करताना दगड उतरवून पुन्हा रचावे लागतात. दगडांवर रंगाने क्रमांक टाकण्याची जुनी रीत उपयोगी असतेच, पण दोन दगडांमधला सांधा किती अंशांनी झुकलेला होता हे तो क्रमांक सांगत नाही.

२०२० पासून काही महागड्या मोबाइल फोनमध्येही छोटा लिडार येऊ लागला. त्याचा पल्ला सुमारे पाच मीटर. खोलीचे क्षेत्रफळ काढायला किंवा कपाट कुठे बसेल हे पाहायला तो चांगला आहे; भिंतीतली तड दोन मिलिमीटरने वाढली का, हे त्याला विचारू नये.

भारतात अशा मोजमापावर पूर्वी परवानग्यांची मोठी साखळी होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय संस्थांना नकाशे व त्रिमित माहिती गोळा करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. आडव्या मापात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर या मर्यादेपेक्षा बारीक माहिती गोळा करण्याचा हक्क भारतीय संस्थांनाच ठेवला आहे. लेसर स्कॅनरचे कोणतेही काम या मर्यादेपेक्षा कितीतरी बारीक असते.

साठवण हा शेवटचा आणि बहुतेक वेळा विसरला जाणारा भाग. सेकंदाला दहा लाख बिंदू घेणाऱ्या यंत्राने दोन मिनिटे काम केले तर बारा कोटी बिंदू जमतात. प्रत्येक बिंदूला १६ बाइट धरले तरी एका मुक्कामाला जवळपास दोन जीबी. खाणीचे वीस मुक्काम, दर महिन्याला, अशी काही वर्षे गेली की तबकड्या भरतात, संगणक बदलतात, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या खासगी स्वरूपातल्या फायली उघडेनाशा होतात. म्हणून मेघ ई५७ किंवा लास यांसारख्या सर्वांना वाचता येणाऱ्या स्वरूपात ठेवतात. त्याच्यासोबत खुंटांची यादी, यंत्राची शेवटची तपासणी आणि मोजणीची तारीखही ठेवावी लागते. खाणीच्या काठावरचा सिमेंटचा खुंट एखाद्या डंपरच्या चाकाखाली उखडला गेला आणि त्याच्या जोडीचा दुसरा खुंट आधीच रोवून नोंदवलेला नसला, तर पुढच्या वर्षीचे स्कॅन पहिल्या स्कॅनवर बसत नाही.